उन्हाळी मासेमारी : कोणते पाणी उपसावे, कोणते राखावे

फाल्गुन सरत आला की महाराष्ट्रातील गावतळ्यांचे काठ उघडे पडू लागतात, नद्यांचा प्रवाह खंडतो आणि राहिलेले पाणी डोहाडोहांत अडकून पडते. पाण्याबरोबर मासाही आकसलेल्या जागी गोळा होतो. पावसाळ्यात ज्याचा ठावठिकाणा लागत नाही तो मासा या दिवसांत काठावरून दिसू लागतो आणि गावोगावची जाळी बाहेर निघतात. उन्हाळा हा मासेमारीचा सुगीचा काळ होय, आणि त्यात गैर असे काही नाही. गैर आहे ते निराळेच. जे पाणी महिन्या-दीड महिन्यात आटून जाणार हे सर्वांना ठाऊक असते, त्यातील मासा वेळेवर काढला जात नाही. आणि जे पाणी मृगापर्यंत टिकणार, ज्यात पुढील वर्षाचे बीज जिवंत राहावयाचे, ते मात्र तळापर्यंत खरवडले जाते. हा क्रम उलटा झाला पाहिजे.

या दोन प्रकारच्या पाण्यांत भेद का करावयाचा, हे माशांच्या स्वभावावरून स्पष्ट होते. कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे आपल्या तळ्यांतील मत्स्यशेतीचा मुख्य आधार आहेत. साचलेल्या पाण्यात ते चांगले वाढतात, परंतु तेथे अंडी घालीत नाहीत. त्यासाठी त्यांना पावसाळ्यातील वाहते व चढते पाणी लागते. म्हणून पूर्वी त्यांचे बीज नदीतूनच गोळा करून आणावे लागत असे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी व के. एच. अलिकुन्ही या शास्त्रज्ञांनी माशाच्या मेंदूखालील पीयूषग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले, आणि तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रात बीज तयार करण्याचा मार्ग मोकळा झाला. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. तात्पर्य हे की, हंगामी तळ्यातील कटला किंवा रोहू हे पेरलेले पीक आहे. त्याचे बीज विकत आणलेले असते आणि पुढील वर्षीही विकतच आणावे लागणार असते. असे पीक पक्व झाल्यावर तळ्यात ठेवून देणे म्हणजे कापणीस आलेली ज्वारी पाखरांसाठी उभी ठेवणे होय.

नदीच्या डोहातील मरळ, वाम, शिंगाळा किंवा महाशीर यांची गोष्ट तशी नाही. ते कोणी पेरलेले नसतात. डोहात जी नर-मादीची जोडपी उन्हाळा काढतील त्यांच्यापासूनच पुढील वर्षाची नदी भरावयाची असते.

आता आटणाऱ्या तळ्याचा विचार प्रथम करू. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर मासा जगतो, आणि पाणी जितके तापते तितका प्राणवायू त्यात कमी मावतो. वीस अंश सेल्सियस तपमानाच्या गोड्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो; तेच पाणी तीस अंशांवर गेले की हे प्रमाण साडेसातच्या आसपास येते. उलट, तापलेल्या पाण्यात माशाच्या शरीरक्रिया जलद होतात आणि त्याला प्राणवायू अधिक लागतो. उत्पन्न घटले आणि खर्च वाढला, अशीच ही अवस्था आहे. त्यात तळ्यातील शेवाळ व पाणवनस्पती दिवसा उजेडात प्राणवायू सोडतात, परंतु रात्री त्याही श्वासोच्छ्वासासाठी तोच वापरतात; तळाशी कुजणारा पालापाचोळा व शेण आपला वाटा घेते ते वेगळेच. परिणामी पहाटे, सूर्योदयाच्या आधी, पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. दर लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर तो असेल तर या माशांना चिंता नसते. तो ३ च्या खाली उतरू लागला की मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात व हवा घेण्याचा निष्फळ प्रयत्न करतात. पहाटे मासे असे वर आलेले पाहून 'तळ्यात मासा दाटला आहे' म्हणून आनंद मानणारे लोक आहेत. तो आनंदाचा नव्हे, धोक्याचा देखावा आहे.

सर्वांत मोठा घात वळवाचा पाऊस करतो. वैशाखात एखाद्या दिवशी आभाळ भरून येते, गार पाऊस पडतो, वरचे पाणी एकाएकी थंड व जड होऊन खाली जाते आणि तळाचे प्राणवायूहीन, घाण पाणी वर येते. काठावरचे शेण-पाचोळाही त्याच लोटाबरोबर आत येते. दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर मेलेल्या माशांचा थर दिसतो आणि गावात कोणीतरी विष टाकले अशी आवई उठते. विष टाकण्याचे प्रकार घडतात हे खरे. पण वळवानंतरच्या अशा मरीमध्ये कित्येकदा कोणाचाही हात नसतो. संशयावरून दोन आळ्यांत वैर पेटण्यापूर्वी ग्रामकार्यकर्त्याने हे कारण लोकांस समजावून सांगणे आवश्यक आहे.

मग लोक थांबतात कशासाठी? याचे उत्तर केवळ अज्ञान हे नाही. चैत्र-वैशाखात अनेक तळ्यांचा मासा एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. म्हणून आपले तळे सर्वांच्या शेवटी धरावे, म्हणजे दोन पैसे अधिक मिळतील, असा प्रत्येकाचा हिशेब असतो. काहींना वाटते की आणखी महिनाभर ठेवल्यास वजन वाढेल. पहिला हिशेब जुगाराचा आहे आणि दुसरा सरळ चुकीचा. गुडघाभर तापलेल्या पाण्यात दाटीवाटीने राहिलेला मासा खाद्यावरची वासना गमावतो. त्याची वाढ थांबते, पुष्कळदा तो वाळतोच. वजन हवे असेल तर उपाय उलटा आहे. पाणी अर्ध्यावर आले की, म्हणजे बहुतेक ठिकाणी माघ-फाल्गुनातच, मोठे मासे निवडून काढावयास आरंभ करावा आणि दर आठ-पंधरा दिवसांनी थोडे थोडे काढीत जावे. राहिलेल्या माशांस जागा व प्राणवायू मिळून ते वाढतात, बाजारातही एकदम ढीग येत नाही, आणि दुर्दैवाने वळीव कोसळलाच तर सर्वस्व जात नाही. ज्या मच्छीमार सहकारी संस्थांनी ही विरळणीची पद्धत धरली त्यांना शेवटच्या धरणीसाठी धावपळ करावी लागत नाही.

तरीही एक अडचण उरते आणि ती जाळ्याने सुटणारी नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलाव हे याचे ठळक उदाहरण होय. हे तलाव धानाच्या पाण्यासाठी बांधले गेले, आणि त्यांच्या बांधणीत कोहळी समाजाचे कौशल्य प्रसिद्ध आहे. त्याच पाण्यात ढीवर समाजाची मासेमारी पिढ्यान् पिढ्या चालत आली. धानाला शेवटचे पाणी हवे असते, त्याच सुमारास माशालाही ते हवे असते. इतरत्रही उन्हाळी भुईमुगासाठी किंवा भाजीपाल्यासाठी तळ्याच्या काठी पंप बसतात आणि चार दिवसांत पाणी असे खाली जाते की मासे काढावयासही उसंत मिळत नाही. शेतकऱ्याची गरज खोटी नाही. परंतु कर्ज काढून बोटुकली सोडणाऱ्या संस्थेचे वर्षाचे उत्पन्न चार दिवसांत चिखलात जावे, हेही न्यायाचे नाही. हा तंटा वैशाखात तळ्याच्या काठावर सोडवू गेल्यास सुटत नाही. तो कार्तिकात, तळे भरलेले असताना आणि डोकी थंड असताना, ग्रामसभेत सोडविला पाहिजे. तळ्यात एक दगडी खूण पुरावी. पाणी त्या खुणेशी आले की पंप काही दिवस थांबावेत आणि तेवढ्या दिवसांत संस्थेने मासा काढून घ्यावा, असा लेखी करार दोन्ही बाजूंनी करावा. संस्थेने मुदतीत मासा काढला नाही तर तिची तक्रार ऐकू नये. अशी खूण पुरण्यास खर्च जवळजवळ शून्य येतो. लागते ती फक्त वेळेवर बोलावलेली बैठक.

शेवटची धरणी करावयाची ती कशी, याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. धरणीपूर्वी आठवडाभर तळ्यात शेणखत व खाद्य टाकणे बंद करावे. ओढजाळे सकाळच्या गारव्यात ओढावे हे ठीक. परंतु विरळणी करीत असताना मासे पहाटे तोंड वर काढीत असतील तर त्या वेळी जाळे मुळीच ओढू नये. जाळ्याच्या पायाने तळाचा गाळ ढवळला जातो आणि जे मासे मागे ठेवावयाचे तेच गुदमरून मरतात. ऊन थोडे वर येऊ द्यावे, मासे खाली गेल्याचे पाहावे आणि मग जाळे घालावे. ढगाळ दिवशी तर विरळणी टाळणेच बरे. मासा काढल्यावर तो काठावरच्या उन्हात ढीग घालून ठेवण्याची सवय फार वाईट आहे. उन्हाळ्यात माशास नासावयास काही तासही लागत नाहीत. स्वच्छ पाण्याने धुऊन, सावलीत, माशाच्या वजनाइतका फोडलेला बर्फ थराथराने घालून तो बाजारास न्यावा. बर्फाचा खर्च वाचविणारा मनुष्य संध्याकाळी अर्ध्या भावात मासा विकताना दिसतो. ज्या गावी बर्फ मिळत नाही तेथे एका दिवसात विकता येईल तितकाच मासा काढणे हा उपाय आहे.

मरळ आणि मागूर यांना हा सर्व नियम तितकासा लागू नाही. ते पाण्याबाहेरील हवा घेऊ शकतात, म्हणून कटला मरतो त्या पाण्यात ते जगतात आणि ओल्या चिखलातही काही काळ तग धरतात. ते जिवंत बाजारात नेता येतात व भावही उत्तम मिळतो. त्यांच्यासाठी घाई नाही.

आता टिकणाऱ्या पाण्याकडे, म्हणजे नदीच्या डोहांकडे वळू. पावसाळ्यात जो मासा कित्येक कोसांच्या पात्रात पसरलेला असतो, तो चैत्रात चार-दोन डोहांत येऊन राहतो. म्हणून एक डोह रिकामा करणे म्हणजे एका डोहाचा मासा घेणे नव्हे; त्या सगळ्या पात्राचे बीज घेणे होय. रोहूची मादी आपल्या वजनाच्या दर किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते. अंडी व पिले यांचा मोठा नाश होतो हे खरे, तथापि आषाढात नदी भरणार की ओस राहणार हे वैशाखात अशा किती माद्या वाचल्या यावरच ठरते.

डोहातील मासेमारी समूळ बंद करा, असे सांगणे व्यवहार्य नाही आणि इष्टही नाही. भोई, ढीवर, कातकरी यांसारख्या अनेक कुटुंबांचे उन्हाळ्यातील अन्न व मिळकत त्यावर आहे. 'निम्मा मासा धरा, निम्मा सोडा' असा उपदेशही कुचकामाचा होय. कारण पाण्याखालचे निम्मे कोण मोजणार? त्यापेक्षा गावच्या हद्दीतील डोहांपैकी सर्वांत खोल असा एक डोह पूर्ण राखावा, त्यात पहिला पूर येईपर्यंत कोणीही जाळे वा गळ टाकू नये, आणि उरलेले डोह गळास व मोठ्या आसाच्या जाळ्यास मोकळे ठेवावेत, हा नियम सोपा आहे. तो मोडला की काठावरून जाणाऱ्या गुराख्यालाही दिसतो. ज्या नियमावर साधी नजर पहारा करू शकते तोच नियम खेड्यात टिकतो.

ही कल्पना नवी नाही. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील वाळण कोंड येथे काळ नदीच्या डोहातील महाशीर देवीचे म्हणून कोणी धरीत नाही. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या डोहातही मंदिराच्या आश्रयाने महाशीर सुरक्षित राहिला आहे. इतरत्र हा मासा दुर्मिळ होत गेला असता तेथे हाताएवढे मासे काठाशी येतात. देवाच्या नावाने जे राखले जाते ते ग्रामसभेच्या ठरावाने राखता येणार नाही असे मानण्याचे कारण नाही, जरी ठरावाला देवाइतका धाक नसतो हे मान्य करावे लागेल.

राखलेल्या डोहाचे खरे शत्रू गळ टाकणारे नव्हेत. विहिरीच्या सुरुंगासाठी आणलेले जिलेटिन, कापसावर मारावयाचे कीटकनाशक आणि वीजवाहिनीवर टाकलेला आकडा, हे ते शत्रू होत. सुरुंगाने व विषाने मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून गुन्हा आहे. पूर्वी गेळफळ किंवा थोराचा चीक टाकून मासे गुंगविण्याची रीत होती. तीही चांगली नव्हती, परंतु आजच्या कीटकनाशकाच्या एका बाटलीशी तिची तुलना होऊ शकत नाही. या बाटलीने मासा, त्याची पिले, त्याचे खाद्य असलेले किडे व शिंपले सर्व मरतात. तेच पाणी दुपारी गुरे पितात आणि तोच मासा रात्री घरात शिजतो. सुरुंगाने मेलेल्या माशांपैकी पुष्कळ तळाशी बुडून वायाच जातात, आणि वात हातात असतानाच स्फोट होऊन हात गमावण्याची भीती असते. विजेचा प्रवाह तर मासा व मनुष्य असा भेद जाणत नाही. कीटकनाशक व सुरुंगाचे सामान शेतीच्या कामासाठीच गावात येते. तेव्हा ते कोठे जाते यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी शेतकऱ्यांचीही आहे, केवळ मच्छीमारांची नव्हे.

आसाविषयी एक सूचना. चार बोटे जोडून सहज आत जातील इतका आस असलेले जाळे बोटुकली व लहान मासा सोडून देते. मच्छरदाणीसारखी जाळी काही सोडीत नाही. उजनी जलाशयाच्या परिसरात 'वडाप' नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारीक जाळ्यांविरुद्ध मच्छीमारांनीच आवाज उठविला, यातच सर्व आले. जलाशयात सोडलेले बीज पावशेर वजनाचेही होण्यापूर्वी किनाऱ्यावर वाळत पडू लागले की पहिला फटका त्यांनाच बसतो.

मात्र एक मासा असा आहे की ज्याच्या बाबतीत हात आखडता घेण्याची गरज नाही. तो म्हणजे तिलापिया, लोकांच्या तोंडी चिलापी. १९५२ साली तो भारतात आणला गेला. साचलेल्या पाण्यातच तो वर्षातून अनेक वेळा वितो, मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते, आणि पाहता पाहता तो तळे व्यापून इतर माशांचे खाद्य खाऊन टाकतो. उन्हाळ्यात उथळ काठाशी तळावर ताटाएवढे गोल खळगे दिसतात, ती त्याची घरटी होत. अशा जागी सकाळी वा संध्याकाळी फेकजाळे, ज्यास कोकणात पाग म्हणतात, टाकावे. हौशी मंडळी व शाळकरी मुले गांडुळाचा किंवा कणकेचा गळ घेऊन बसतात, त्यांनाही या माशाकडे वळवावे. भर दुपारी गळ टाकून बसण्यात अर्थ नाही. त्या वेळी मासा खोल व गार पाण्यात जातो आणि खात नाही.

तळ्यातील गाळ काढण्याचे काम उन्हाळ्यातच चालते. २०१७ साली सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेने अनेक ठिकाणी हे काम यंत्रांनी जलद होऊ लागले. गाळ शेतात जातो, तळे खोल होते, दोन्ही गोष्टी उत्तम. परंतु यंत्र चालविणारा तळ एकसारखा सपाट करून जातो. त्याऐवजी बांधापासून सुरक्षित अंतरावर तळ्याच्या मध्यभागी एक खोलगट भाग मुद्दाम ठेवून घ्यावा. पुढच्या उन्हाळ्यात सर्वांत शेवटी पाणी तेथे राहील. मरळीसारख्या देशी माशांना आसरा मिळेल आणि गुरांनाही दोन आठवडे अधिक पाणी मिळेल. हे काम सुरू होण्यापूर्वी सांगावयाचे असते. यंत्र निघून गेल्यावर नव्हे.

मृगाचा पहिला पूर आला की उन्हाळी मासेमारी संपते, पण एक मोह शिल्लक राहतो. कोकणात व घाटमाथ्यावर चढणीचे किंवा वलगणीचे मासे ओढ्यांतून, भातखाचरांतून वर धावतात. राखलेल्या डोहात जे जगले तेच हे मासे, आणि त्यांच्या पोटात अंडी असतात. त्या रात्री कंदील व टोपल्या घेऊन ओढ्यावर जाणे हा अनेक गावांत सणासारखा प्रसंग आहे, तो कोणी मोडू म्हटल्यास मोडणार नाही. तथापि ओढ्याचे सगळे तोंड जाळ्याने वा बांधाने अडविणे गावाने थांबवावे. अर्धे पात्र मोकळे ठेवावे, आणि पहिले दोन दिवस चढण बिनहरकत जाऊ द्यावी. मरळीचे जोडपे पावसाळ्यात काठाच्या गवतात पिलांचा लालसर थवा घेऊन फिरताना दिसते. थव्याखालीच मोठा मासा असतो हे जाणून तेथे नेमका गळ टाकणारे असतात. तो मासा काढला की थवा दोन दिवसांत इतर माशांच्या तोंडी जातो. समुद्रावर जून व जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि कोळी बांधव ती पाळतात. गोड्या पाण्यावर गावाने स्वतःहून आठ-पंधरा दिवसांचे असे बंधन घालून घेण्यास आषाढ लागण्याची वाट पाहू नये, कारण तोपर्यंत चढण होऊन गेलेली असते.